खोलीला सांगितलेली माणसं

बाहेरून कुलूप असलेल्या दारावर कोणी टकटक करताना तुम्ही पाहिले आहे का? मी पाहिले आहे, आणि एकदा नव्हे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ रिकाम्या खोलीच्या दारासमोर वहाणा काढत, डोक्याचा पटका सारखा करत, बोटाच्या पेराने तीनदा वाजवत आणि विचारत, "कोन हाय का आत?" मग मान तिरपी करून उभे राहत. किल्ली त्यांच्याच हातात, कुलूप त्यांनीच घातलेले. आत चिटपाखरू नाही हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. तरीही आतल्या माणसाला उठून दाराशी यायला लागेल तेवढा वेळ ते थांबत आणि मगच किल्ली फिरवत.

सगळी पेठ त्यांना किल्लीवाले म्हणे. त्यांचे खरे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही आणि विचारावे असे कधी सुचलेही नाही. सोलापुरातल्या पुष्कळ मालकांच्या मोकळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेच्या कडीत असत. परगावाहून नोकरीला आलेल्या माणसाला जागा मिळवून देणे हा त्यांचा धंदा.

मी कोकणातला. बोटीने मुंबई, तिथून पुण्यावरून आगगाडीने कुर्डुवाडी आणि मग सोलापूर, असा प्रवास करून शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा अंगावरच्या कोटाला अजून खाऱ्या हवेचा वास होता. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून असे म्हणतात. ज्याने हे म्हटले त्याने परक्या गावात भाड्याची खोली शोधलेली नसावी. मी एका खाणावळीच्या पडवीत वळकटी टाकून होतो आणि शाळा सुटली की जागा शोधत हिंडत होतो. सात रस्त्याकडचे एक मालक मला चहा देऊन तासभर बोलले. गोत्र विचारले, मूळ गाव विचारले, जन्मपत्रिका तेवढी मागायची ठेवली, आणि शेवटी म्हणाले की सडाफटिंगाला आम्ही जागा देत नाही. दुसरीकडे चहाही मिळाला नाही, उत्तर तेच मिळाले. बिऱ्हाड असेल तर या. घरात बाईमाणूस हवे.

माझ्या घरात बाईमाणूस नव्हते. माझे कुटुंब त्या आधीच्या भाद्रपदात वारले होते. पाच वर्षांची मुलगी, कुसुम, तिच्या आजोळी होती. आईला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेले आहे एवढेच तिला सांगितले होते. ते सांगणारा मीच होतो, आणि पुढचे सांगायचे धैर्य मला झाले नव्हते. मग मेहुण्याचे पत्र आले. सासूबाईंना आता डोळ्यांनी दिसत नाही, मुलीकडे पाहणे त्यांना होत नाही. चैत्र संपायच्या आत मुलीला घेऊन जा, नाहीतर तिच्या इंदूरच्या मावशीकडे तिला कायमची पाठवतो. मावशीला मूल नाही. पत्रात रागाचा शब्द नव्हता, पण एकदा इंदूरला गेलेली मुलगी पुन्हा माझी म्हणून परत यायची नाही हे मला समजत होते.

खाणावळीतल्या एकाने मला किल्लीवाल्यांकडे पाठवले. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर ते बसलेले असत. साठीकडे झुकलेला, वाळका, उन्हाने रापलेला माणूस. त्यांनी ना गोत्र विचारले, ना पगार. "किती मानसं?" एवढेच विचारले, आणि वर म्हणाले, "नीट मोजून सांगा. घाई न्हाय."

मी घाईनेच सांगितले. तीन. मी, कुटुंब आणि मुलगी.

आयुष्यभर पोरांना बेरीज शिकवणाऱ्या माणसाने केलेली ही चूक. ती चूक आहे असे तेव्हा मला वाटलेही नाही. मालकाला सांगायची थाप, दुसरे काय. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे तर नुसती जीभ हलवायची होती.

साखर पेठेतल्या एका विणकरांच्या वाड्यात ती खोली होती. चौकाभोवती बिऱ्हाडे, बहुतेक घरांतून माग, आणि सकाळपासून त्यांची खटखट. किल्लीवाल्यांनी टकटक केली, विचारले, थांबले, कुलूप उघडले. मी आत पाऊल टाकणार तोच त्यांनी मला हाताने अडवले. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच ते समोरच्या भिंतीकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "तीन मानसं येनार हायती. एक मास्तर. एक त्यांचं कुटुंब. एक लेक."

वर्गात हजेरी घेताना एखादे नाव पुकारले की पोरे क्षणभर गप्प होतात, तशी ती खोली मला गप्प झालेली वाटली. रिकामी खोली आधी काही बोलत होती असे नाही. पण तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही तसेच वाटले असते.

मी हसत विचारले की हे कोणाला सांगितले. ते म्हणाले, "जागंला. भितीला कान असत्यात म्हंत्यात, ते उगं न्हाय म्हनत."

नंतर कळले की हे सगळ्यांच्याच बाबतीत होते आणि भाडेकरू त्याची थट्टा करत. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या एका कारकुनाने सहा माणसे सांगितली आणि महिन्याभरात त्याच्या सासूबाई मुक्कामाला आल्या. किल्लीवाले भर उन्हात दोन मैल चालत गेले आणि सात झाली म्हणून खोलीला सांगून आले. कारकून म्हणाला की सासूबाई परत कधी जाणार तेही तिलाच विचारा. कोणाकडे मूल जन्मले की बारशाच्या आधी किल्लीवाले दारात हजर, आणि कोणी वारले तरीही हजर. जेवायला या म्हटले तर येत नसत. उंबरा मात्र त्यांनी कधी कोणाचाच ओलांडला नाही.

चैत्रात मी कुसुमला घेऊन आलो. आगगाडीत ती खिडकीशी बसून विचारी, आई स्टेशनवर येईल का? मी म्हणे, बघू. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा तिने फलाटावरच्या एकेका बाईकडे निरखून पाहिले. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो.

मी शाळेत गेलो की शेजारची विणकरीण तिच्याकडे बघे. ही तेलुगू बाई सगळ्या वाड्याची अक्का होती. मी तिलाही सांगितले होते की कुटुंब माहेरी आहे, प्रकृती बरी झाली की येईल. एक खोटे झाकायला दुसरे, असे चालले होते. सोलापूरचे ऊन वैशाखात काय असते ते ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. बाराच्या सुमाराला माग थांबत, माणसे दारे लोटून घेत, आणि चौकात एवढी शांतता पसरे की माठाखालच्या तिवईवर पाणी ठिबकलेले ऐकू येई. त्या वेळात कुसुम अक्काकडून उठून आमच्या खोलीत जाऊन बसते असे मला कळले. उकाड्याने तिला तिथे बरे वाटत असेल, असे मी धरून चाललो.

एकदा संध्याकाळी अक्का मला सहज म्हणाली की तुमची मंडळी कधी आली, मला सांगितले नाही. मी चमकलो. ती म्हणाली, दुपारी दाराआड बसलेली असते, नुसता लुगड्याचा काठ दिसतो, हाक मारली तर ओ देत नाही, लाजाळू आहे वाटते. मी काहीतरी पुटपुटून आत आलो. आमच्याकडे तीन पाट होते. दोन भिंतीला टेकून उभे होते. तिसरा दाराकडे तोंड करून मांडलेला होता.

कुसुमने मांडला असेल, असे मी स्वतःला समजावले. तिला मात्र विचारले नाही.

त्याच आठवड्यात किल्लीवाले आले. बिऱ्हाड लागल्यावर एकदा येऊन माणसे मोजून जायची त्यांची रीत होती. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिले, कुसुमकडे पाहिले आणि म्हणाले, "दोन. तिसरं?"

मी माहेरची गोष्ट सांगायला तोंड उघडले. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिले. मी कुसुमला अक्काकडे पाठवले आणि चौकात येऊन हलक्या आवाजात खरे ते सांगून टाकले. वाटले होते, हा माणूस चिडेल, मालकाकडे जाईल. ते मटकन पायरीवर बसले.

"मास्तर, मालकाशी खोटं बोलला त्याचं काय न्हाय. पोटासाटी म्या बी बोलतो. पर तुमी खोलीशी बोलला. ती ऐकती, आन मग वाट बगती."

मग त्यांनी स्वतःचे सांगितले. ते वेळापूरकडचे. त्या मोठ्या तापाच्या साथीच्या साली ते गिरणीत लागले आणि त्यांनी सोलापुरात एक खोली घेतली. नव्या घरात शिरताना कर्त्या माणसाने घराला माणसे सांगायची, ही त्यांच्या घराण्यातली चाल. त्यांनी चार सांगितली. स्वतः, बायको आणि दोन लेकरे. बायको दोघांना घेऊन गावाहून बैलगाडीने निघाली, कुर्डुवाडीला येऊन सोलापूरची आगगाडी पकडायची म्हणून. हे इकडे तीन दिवस स्टेशनावर बसून होते. कुर्डुवाडीच्या धर्मशाळेतच तापाने तिघे गेले, असा निरोप चौथ्या दिवशी आला. यांनी खोलीला कुलूप घातले आणि पुन्हा आत पाय ठेवला नाही. बारा-तेरा वर्षे झाली होती. भाडे मात्र देत होते. झोपायचे देवळाच्या ओसरीवर.

"चार सांगितली व्हती. कोन तोंडानं एकला जाऊ?" असे ते म्हणाले.

मी काय करावे तेही त्यांनी सांगितले. खोलीत उभे राहून मोठ्याने म्हणायचे, की दोनच माणसे आहेत, तिसरे माणूस वारले आणि यायचे नाही. आणि ते कुसुमसमोर म्हणायचे.

तिथे मला राग आला. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असे मी त्यांना ऐकवले. माझ्या मुलीला काय आणि केव्हा सांगायचे ते माझे मी बघीन. ते वहाणा घालून निघून गेले. आज कबूल करतो, प्रश्न विश्वासाचा नव्हताच. ते वाक्य मी तोपर्यंत एकट्यानेसुद्धा मोठ्याने उच्चारले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी शाळेतून आलो तर कुसुम चौकात खेळत होती. तिच्या केसांची घट्ट वेणी घातलेली होती. तिचे केस मी विंचरत असे, आणि मला साधी तीन पेडांची वेणीसुद्धा धड येत नसे. ही चार पेडांची होती आणि शेवटाला जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी गाठ मारून बांधलेली होती. अक्काने घातली असेल म्हणून मी तिला विचारले. तिने नाही म्हटले. मी मुलीला विचारले.

"घालून दिली," ती म्हणाली आणि पुन्हा खेळायला लागली.

कोणी, हे विचारायला माझी जीभ रेटेना. कारण माझ्या मनात भीती होती तशी आशाही होती, आणि कोणती जास्त ते मला सांगता येत नव्हते. रविवारी सकाळीच मी मारुतीच्या देवळात गेलो आणि किल्लीवाल्यांना म्हणालो की मी सांगतो, पण तुम्ही तिथे असा.

ते आले तेव्हा माग थांबले होते. चौकात कोणी नव्हते. ते नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर बसले. तिसरा पाट आजही दाराकडे तोंड करून मांडलेला होता, आणि कुसुम त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती. मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो. रोज साठ पोरांपुढे उभा राहतो तसे हात मागे बांधले.

"इथे आम्ही दोघेच राहतो," मी म्हणालो. "मी आणि कुसुम. कुसुमची आई वारली. ती येणार नाही."

मग मी खाली बसलो आणि रडलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

कुसुम माझ्याजवळ आली. माझ्या कोटाची बाही धरून उभी राहिली. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आजी रडायची तेव्हाच कळलं होतं."

मी तिला जवळ घेतले. एवढे महिने जे सांगायला मी घाबरत होतो ते पाच वर्षांचे पोर मनात घेऊन वावरत होते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून आगगाडीत तोच तो प्रश्न विचारत होते. काही वेळाने तिने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिले आणि विचारले, "मग ह्या कोण येतात?"

खोलीत उकडत होते, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बोलले ते किल्लीवाले. त्यांची नजर कुसुमच्या वेणीवर होती. मी त्यांना वेणीबद्दल काही सांगितले नव्हते.

"बाळ, हिकडं ये," ते म्हणाले. ती गेली. त्यांनी वेणीचे टोक तळहातावर घेतले आणि ती चिंधी अंगठ्याने चाचपली. पुष्कळ वेळ चाचपली. मग अगदी हळू विचारले, "एकलीच येती का?"

"नाही. दोन मुलं असतात. एक कडेवर आणि एक पदर धरून."

"काय म्हंती?"

"काही नाही. दाराकडे बघत बसतात. कडेवरचा खोकतो."

किल्लीवाले वाकले, कपाळ उंबऱ्याला टेकले आणि तसेच राहिले. मला वाटले यांना काही होते आहे, म्हणून मी पाणी आणायला उठलो. त्यांनी मान वर केली. चेहरा भिजला होता, पण आवाज स्थिर होता. ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, ते कळले नाही.

"तिसऱ्याची जागा सांगितल्याली, आन कुनी आलं न्हाय. तेवढीच मोकळी गावली तिला. आपल्या घराला तर म्याच भाईरनं कुलूप घालून बसलोय की. लेकरं घिऊन ती जाईल कुटं?"

आणि मग, ज्या माणसाने कोणाचाच उंबरा कधी ओलांडला नव्हता, तो माणूस आत आला. त्या पाटापुढे उभा राहिला. पटका काढून पुन्हा बांधला. म्हणाला, "चला. लई उशीर केला म्या. घर दावतो."

ते मला पुन्हा दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या मालकांना आपापल्या किल्ल्या परत मिळाल्या असे कानावर आले. मारुतीची ओसरी रिकामी पडली. कोणी म्हणे, ते त्यांच्या खोलीत राहतात आणि दार दिवसाही सताड उघडे असते. कोणी म्हणे, पावसाळ्यात गेले. मी चौकशीला गेलो नाही. कुसुमची वेणी त्यानंतर मी घालू लागलो, तीन पेडांची, वाकडीतिकडी. पाट कधी आपोआप मांडला गेला नाही आणि अक्काला कोणाच्या लुगड्याचा काठ दिसला नाही. आम्ही त्या खोलीत सात वर्षे राहिलो. मला ती आवडत होती.

पण डोळ्यांसमोर राहिले आहे ते त्या दुपारचे. आम्ही दोघे वाड्याच्या दारात उभे होतो. बोळात एवढे ऊन की भिंतींकडे बघवत नव्हते. किल्लीवाले पुढे चालले होते, दोन पावले टाकून थांबत, मागे बघत, पुन्हा दोन पावले. बोळाच्या तोंडाशी एक उघडे गटार होते, मोठ्या माणसाला एका ढांगेचे. ते ओलांडून पलीकडे गेले, वळले, खाली वाकले. दोन्ही हातांनी काहीतरी उचलून घेतले आणि अलगद आपल्या बाजूला उतरवले. पुन्हा वाकले, दुसऱ्यांदा उचलले, हे जरा जड असावे. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि चटकन इकडेतिकडे पाहिले, भर रस्त्यात बायकोचा हात धरताना कोणी बघत तर नाही ना म्हणून. मी कुसुमला घेऊन आत वळलो.